विभागीय चौकशी : टेबलाच्या अलीकडून

टिपणीकार

परवा इथेच एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "निलंबन म्हणजे बिनकामाचा अर्धा पगार, पुढे चौकशीत सगळं मिटतं." खाली +१ ची रांग लागली. मिटतं हे बऱ्याचदा खरं आहे. पण का मिटतं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते, पाकीट. पाकिटाने मिटलेल्या चौकशा असतीलही. माझ्या टेबलावर ज्या पडल्या, त्या बहुतेक दोषारोपपत्र लिहिणाऱ्याच्या आळसामुळे पडल्या.

मी मुंबईत राज्य शासनाच्या एका यंत्रणेत आहे. कुठली ते विचारू नका. आधी दक्षता शाखेत प्राथमिक चौकशा केल्या, आता चौकशी अधिकारी म्हणून विभागीय चौकशा चालवतो. बाहेरच्याला दोन्ही एकच वाटतं. प्राथमिक चौकशीत फक्त काय घडलं ते शोधायचं: कार्यालयात जा, कागद ताब्यात घ्या, जबाब नोंदवा, अहवाल द्या. समोरच्याला उलटतपासणीचा हक्क नसतो, कारण अजून आरोपच ठेवलेला नसतो. आरोप ठेवला की महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ चा नियम ८ लागतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. ज्याची प्राथमिक चौकशी मी केली, त्याच प्रकरणात मी चौकशी अधिकारी होत नाही. फार तर साक्षीदार म्हणून समोरच्या खुर्चीत बसतो आणि आरोप असलेल्याची बाजू मांडणारा बचाव सहायक माझीच उलटतपासणी घेतो. ती खुर्ची प्रत्येक दक्षतावाल्याने एकदा तरी अनुभवावी, जबाब जपून लिहायची सवय लागते.

तक्रारींचा हंगाम असतो. बदल्यांचा कायदा २००५ चा, सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये. त्यामुळे फेब्रुवारीपासून आमच्याकडे टपाल फुगतं. ज्या खुर्चीला मागणी जास्त, तिच्यावरच्या माणसाविरुद्ध पत्रं जास्त. म्हणून सगळी खोटी असतात असं नाही. आतल्या माणसाने द्वेषाने लिहिलेल्या पत्रात फाइल क्रमांक हटकून बरोबर असतो.

आता कामाची एक गोष्ट, ओळख पटणार नाही इतपत बदलून. एक नोटीस ३१ मार्चच्या आत गेली की नाही, एवढाच मुद्दा. संबंधित म्हणतो गेली, स्थळप्रत (कार्यालयात ठेवायची प्रत) फायलीत आहे, तिच्यावर जावक क्रमांक आहे. जावक नोंदवही मागवली. पानावर ४११, ४१२, मग ४१२अ, मग ४१३. ४१२अ दोन ओळींच्या मधल्या फटीत बसवलेलं, अक्षर मुंगीएवढं, शाई निळी. वरखालच्या सगळ्या नोंदी काळ्या जेलपेनच्या. नुसत्या 'अ'वरून कुणाला धरता येत नाही. घाईत राहिलेली नोंद मागाहून करणारे सरळ लिपिकही असतात. मग टपालखर्चाची वही काढली. आवक-जावक सजवणाऱ्याला तिकिटांचा हिशेबही सजवावा लागतो हे सहसा आठवत नाही. त्या दिवशी नोंदलेली पत्रं आणि खर्ची पडलेली तिकिटं जुळवली, तर एका पाकिटाचे पैसे कमी भरले. स्पीड पोस्टाच्या यादीत तो पत्ता थेट जूनमध्ये उगवला. सकाळपासून दुपारच्या डब्यापर्यंतचं काम. पाठलाग नाही, छापा नाही, दोन वह्या शेजारी ठेवून बोट फिरवायचं.

इतकं हातात असून पुढे काय झालं? दोषारोपपत्राला चार जोडपत्रं असतात: दोषारोप, त्याचा तपशील, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी. पहिल्यात लिहिलं गेलं, "यांनी कर्तव्यात कसूर करून सचोटी राखली नाही." कुठली नोटीस, कुठली तारीख, शासनाचं किती नुकसान, काही नाही. तिसऱ्या जोडपत्रात जावक नोंदवही आली, टपालखर्चाची वही राहिली. चौथ्यात नोंद करणारा लिपिकच नाही. दोषारोपपत्र ज्याने केलं त्याने जुन्या प्रकरणाची फाइल समोर ठेवून नाव बदललं होतं. एका दोषारोपात तर आधीच्या माणसाचं पदनामही तसंच राहिलं होतं.

कोर्टात लागतो तसा संशयातीत पुरावा विभागीय चौकशीत लागत नाही, कुठली शक्यता जास्त एवढं पाहिलं जातं. पण शक्यता ठरवायलाही कागद रीतसर यावा लागतो आणि तो कुणीतरी साक्षीत शाबीत करावा लागतो. रूपसिंग नेगी निकालात (२००९) सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: कागद नुसता फायलीत असणं म्हणजे पुरावा नाही. अशी दुसरी वही आहे हे चौकशी अधिकाऱ्याला माहीत असून उपयोग नाही. ती समोर आणायची ती खात्याची बाजू मांडणाऱ्या सादरकर्ता अधिकाऱ्याने.

चहाबद्दल लिहून थांबतो. तपासणीला गेलेल्या कार्यालयात चहा नाकारला तर त्यांचा अपमान, घेतला तर संध्याकाळपर्यंत चर्चा. मी घरून थर्मास नेतो. त्याचीही चर्चा होतेच.

खोपटकर

मस्त लिहिलंय. निलंबनाचं जरा विस्ताराने सांगा. आमच्या शेजारचे एक जण निलंबित आहेत, सोसायटीत लोक त्यांच्याशी असं वागतात की शिक्षाच झाली आहे.

टिपणीकार

खोपटकर, निलंबन ही नियमाने शिक्षा नाही. माणूस खुर्चीवर राहिला तर पुरावा किंवा साक्षीदार हलतील म्हणून त्याला बाजूला ठेवायचं, एवढाच हेतू. नियम ४ मध्ये ते येतं, शिक्षांची यादी नियम ५ मध्ये आहे आणि तिच्यात निलंबन नाही.

निर्वाह भत्ता आधी अर्धवेतनी रजेच्या पगाराइतका आणि त्यावर महागाई भत्ता. तीन महिन्यांनंतर, उशीर त्या माणसामुळे नसेल तर, त्या रकमेत पन्नास टक्क्यांपर्यंत वाढ करता येते. 'पाऊण पगार' म्हणतात तो हाच. दर महिन्याला दुसरीकडे नोकरीधंदा करत नसल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते दिलं नाही म्हणून भत्ता अडकलेले कितीतरी लोक पाहिलेत.

सर्वोच्च न्यायालयाच्या अजयकुमार चौधरी निकालानंतर (२०१५) तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन तसंच लांबवता येत नाही. राज्यानेही ९ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने हे स्वीकारलं. याचा एक उलटा परिणाम मला दिसतो. नव्वद दिवस भरत आले की धावपळ होते आणि त्या धावपळीत वर लिहिलं तसं नाव बदललेलं दोषारोपपत्र निघतं.

बंबाखाना

आमच्याकडे म्हणजे रेल्वेत नियम वेगळे, १९६८ चे. मोठ्या शिक्षेचं दोषारोपपत्र म्हणजे एसएफ-५, लहान शिक्षेचं एसएफ-११. घरी बायकोलासुद्धा पाठ आहे, "आज काय, एसएफ-५ आणलंत का?" असं विचारते.

तिकीट खिडकीवरच्या सापळ्याबद्दल लिहितो, लोकांना त्याचं कुतूहल असतं. ड्यूटीवर बसताना खिशातली स्वतःची रक्कम वहीत लिहायची. मग दक्षतावाले गिऱ्हाईक बनवून एकाला रांगेत उभं करतात, नोटांचे नंबर आधीच टिपलेले. बाबूने जास्त पैसे घेतले की आत येऊन गल्ला मोजायचा. विकलेली तिकिटं, गल्ला आणि लिहून ठेवलेली खासगी रक्कम यांचा मेळ बसला नाही की पंचनामा. सकाळी घाईच्या वेळी चर्चगेटला किंवा दादरला खिडकीवर बसून बघा, सुट्ट्या पैशांवरून मिनिटाला एक भांडण होतं. पाच रुपये जास्त आले तरी घाम फुटतो.

सापळ्याची पद्धत दक्षता मॅन्युअलमध्ये लिहिलेली आहे, साक्षीदार कोण असावेत वगैरे. ती अगदीच धाब्यावर बसवता येणार नाही, असं २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्याच एका प्रकरणात म्हटलं. तेव्हापासून आमचे बचाववाले पहिला प्रश्न तोच विचारतात: रांगेत आणखी कोण होतं?

हातावरचं_पोट

टिपणीकार, चांगलं लिहिता, पण तुमच्या बाजूने लिहिता. मी संघटनेतर्फे बचाव सहायक म्हणून जातो. आमच्या बाजूचं ऐका.

चौकशी अधिकारी निष्पक्ष असावा, खात्याचा प्रतिनिधी नसावा, हे पुस्तकात ठीक. प्रत्यक्षात सादरकर्ता अधिकारी तयारी न करता येतो, हातात कोरा कागद. मग साक्षीदाराला प्रश्न कोण विचारतो? चौकशी अधिकारी! मी हरकत घेतली की "सत्य बाहेर यावं म्हणून स्पष्टीकरणात्मक प्रश्न विचारतोय" हे ठरलेलं उत्तर. मी फक्त एवढंच म्हणतो, हरकत रोजनाम्यात (कामकाजाच्या रोजच्या नोंदीत) लिहा. तिथे सगळे गप्प होतात.

दुसरं म्हणजे उशीर. शिक्षा व्हायच्या आधीच उशीर ही शिक्षा असते. पदोन्नतीची बैठक झाली की याचं नाव चौकशी संपेपर्यंत मोहोरबंद पाकिटात. आमचा एक भांडारपाल, टोनरचा साठा नोंदवहीशी जुळत नाही म्हणून दोषारोप. निवृत्तीच्या दिवशी दुपारी, निरोपाचा पेढा तोंडात असताना दोषारोपपत्र हातात दिलं. निवृत्तिवेतन तात्पुरतं आणि उपदान (ग्रॅच्युइटी) पूर्ण रोखलं. बदलापूरच्या फ्लॅटचं कर्ज त्या पैशांतून फेडायचं ठरलं होतं, हप्ते मुलावर पडले. एवढं करून निष्कर्ष काय? साठा तपासणाऱ्याने रिकामे खोके वेगळे मोजलेच नव्हते. दोषारोप सिद्ध होत नाहीत. कुणी सॉरी म्हटलं नाही, म्हणायची पद्धतच नाही.

टिपणीकार

हातावरचं_पोट, प्रश्न विचारण्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य. सादरकर्ता कच्चा असला की चौकशी अधिकाऱ्याचे हात शिवशिवतात. खुलासा विचारणं आणि खात्याची केस उभी करणं यातली सीमा पुसट आहे आणि ती रोज ओलांडली जाते. सर्वोच्च न्यायालयाचा सरोजकुमार सिन्हा निकाल (२०१०) यावरच आहे.

निवृत्तीच्या दिवसाचं मात्र आतून कसं घडतं ते सांगतो. समर्थन म्हणून नव्हे. तक्रार आली की ती एका शाखेत पडून राहते, कारण तिच्यावर टिपणी ठेवली तर पुढचं सगळं काम ठेवणाऱ्याच्या गळ्यात. टेबल बदलतं, माणूस बदलतो, फाइल खाली सरकते. मग निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी ना-चौकशी प्रमाणपत्र मागितलं जातं. तेव्हा कुणीतरी कपाट उघडतं. आता प्रमाणपत्र दिलं तर "तक्रार दडपली" म्हणून देणाऱ्यावर बालंट. आणि निवृत्तीनंतर नव्याने सुरू करायचं तर निवृत्तिवेतन नियमांतला नियम २७ आडवा येतो: शासनाची मंजुरी हवी आणि घटना चार वर्षांपेक्षा जुनी नको. म्हणून शेवटच्या दुपारी कागद हातात. सूड फार कमी वेळा असतो, बहुतेक वेळा स्वतःची कातडी वाचवणं असतं. ज्याला पेढ्याबरोबर तो कागद मिळाला त्याला या फरकाचा काही उपयोग नाही, हे मलाही कळतं.

सुरमई_तवाफ्राय

सगळं छान. पण जाळ्यात बोंबीलच का येतात तेवढं सांगा. शिपाई, लिपिक, भांडारपाल. पापलेट-सुरमईची चौकशी कधी ऐकली नाही.

टिपणीकार

नावाला साजेसा प्रश्न!

कारण सोपं आहे. खालच्या माणसाचा हात कागदावर असतो, वरच्याची फक्त सही. टिपणी लिपिकाने मांडलेली, तपासली असं पर्यवेक्षकाने लिहिलेलं, वर दोन-तीन सह्या. विचारलं की वरचा सांगतो, "शाखेवर विश्वास ठेवून सही केली." हा बचाव नेहमी खोटा नसतो, दिवसाला शंभर फायली असतात. पण त्याच फायलीवर 'चर्चा करावी' असा शेरा आधी असेल आणि चर्चेनंतर टिपणी फिरली असेल, तर मला वरचा माणूस हवा असतो. नियम १२ प्रमाणे दोघांची चौकशी एकत्र करता येते. व्हायला हवी त्यापेक्षा फार कमी होते. वेगवेगळी केली की लिपिक साहेबाकडे बोट दाखवतो, साहेब लिपिकाकडे, आणि दोन्ही अहवाल आपापल्या जागी बरोबर ठरतात.

आयएएस अधिकाऱ्यांना आमचे नियम लागू नाहीत, त्यांचे १९६९ चे अखिल भारतीय सेवांचे वेगळे. त्यामुळे ते मासे आमच्या जाळ्याच्या बाहेरच पोहतात.

विरार_फास्ट

माझा साधा प्रश्न. एका कार्यालयात काम अडलंय, उघड मागणी आहे. निनावी पत्र टाकलं तर उपयोग होतो का? नाव द्यायची भीती वाटते, पुन्हा तिथेच जायचंय.

टिपणीकार

पैशांची मागणी असेल तर आमच्याकडे पत्र टाकून वेळ घालवू नका. ते लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचं काम, १०६४ वर फोन करा. त्यांचं मुख्यालय वरळीला आहे. पडताळणी करून ते सापळा लावतात. पैसे नाइलाजाने आधीच दिले असतील तर सात दिवसांच्या आत कळवा. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणंही गुन्हा आहे, पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत कळवलं तर संरक्षण आहे. ही मुदत फार कमी लोकांना माहीत आहे.

निनावीबद्दल: निनावी तक्रारींवर कारवाई नको, असं केंद्रीय दक्षता आयोगाचं धोरण आहे. केंद्राच्या कार्यालयाबद्दल असेल तर २००४ च्या ठरावाप्रमाणे आयोगाकडे नाव देऊन तक्रार करता येते, नाव गुप्त ठेवायची जबाबदारी त्यांची. राज्याच्या कार्यालयाबद्दल असेल तर नाव द्या आणि कागद जोडा. कागदाशिवायची तक्रार मी पाहतो तेव्हा माझ्या हातात फक्त तुमचा राग असतो.

मोगरा_गजरा

थोडं अवांतर. मी आमच्या कार्यालयातल्या अंतर्गत तक्रार समितीवर होते, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलच्या २०१३ च्या कायद्याखालची. तिथे वर लिहिलेल्या दोन पायऱ्या नसतात. समितीचा अहवाल हाच चौकशीचा अहवाल मानतात, पुन्हा नव्याने चौकशी नाही. मुदत नव्वद दिवस.

उलटतपासणी समोरासमोर घेऊ दिली नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याने प्रश्न लिहून द्यायचे, समितीने विचारायचे. प्रश्नांची पहिलीच यादी आली त्यात अकरावा प्रश्न होता, "आपण त्या दिवशी कुठल्या रंगाची साडी नेसला होतात?" आमच्या बाहेरच्या सदस्या, एका संस्थेत काम करणाऱ्या, शांतपणे म्हणाल्या, "याचा तक्रारीशी काय संबंध ते लेखी द्या." लेखी काही आलं नाही, प्रश्न गाळला.

त्रास कुठला झाला तर एकाच मजल्यावर बसण्याचा. तो माणूस, तक्रार करणारी मुलगी आणि समितीतल्या आम्ही तिघी एकाच लिफ्टने वर जायचो. अध्यक्ष मॅडम पुढे पुढे जिन्याने यायला लागल्या, सहावा मजला.

बंबाखाना

साडीचा रंग! आमच्याकडे असे प्रश्न विचारणारे बचाववाले निवृत्त होऊन आता सल्लागार झालेत.

नवी_ऑर्डर

सगळं वाचून धडकी भरली. मला कालच सादरकर्ता अधिकारी म्हणून आदेश मिळाला, पहिल्यांदाच. पुरावा मुख्यतः व्हॉट्सअॅपच्या स्क्रीनशॉटचा आहे. एका ग्रुपमध्ये कंत्राटदाराला निविदेचा दर आधीच सांगितल्याचा. दोषारोपपत्रात स्क्रीनशॉटची छायाप्रत जोडली आहे. पुढच्या आठवड्यात प्राथमिक सुनावणी. काय करू?

हातावरचं_पोट

समोर मी असतो तर पहिल्या दिवशी मूळ प्रत मागितली असती. फुकटचा सल्ला समजा.

टिपणीकार

ऐका त्यांचं, ते खरंच मागतील.

साक्षीचा कायदा विभागीय चौकशीला जसाच्या तसा लागू होत नाही, पण म्हणून छायाप्रत पुढे सरकवून चालत नाही. स्क्रीनशॉट कुणाच्या फोनवर काढला, कधी, तो तुमच्या खात्यापर्यंत कुणी पोचवला हे आधी फायलीत शोधा. तो माणूस सापडला की त्याचा फोन पाहा, चॅट अजून आहे का. असेल तर ते पान पंचांसमोर उघडून, नंबर आणि वेळ दिसेल असं पुन्हा उतरवून घ्या. सोबत नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. सक्ती नसली तरी उद्या मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) तोंड बंद करायला बरं. तो नंबर अपचाऱ्याचाच (ज्याच्यावर आरोप आहे त्याचाच) आहे हे दाखवायला कार्यालयाची दूरध्वनी यादी किंवा त्याच नंबरवरून आलेला रजेचा निरोप पुरतो. निविदेचा दर त्या तारखेला गोपनीय होता, हे वेगळं दाखवावं लागेल. निविदा उघडल्याची तारीख आणि वेळ असलेला कागद तिसऱ्या जोडपत्रात आहे का, ते आजच बघा.

आणि स्क्रीनशॉट देणाऱ्याचं नाव चौथ्या जोडपत्रात नसेल तर शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्यांना शुद्धिपत्रासाठी सुनावणीआधीच लेखी कळवा, पोच घ्या. पहिल्या तारखेला तेवढी पोच घेऊन गेलात तरी चालेल. प्रश्नांची यादी पाठवलीत तर संदेशात बघून देईन, नावं काढून पाठवा.